तुम्ही विचारलंत म्हणून: कळंगुटच्या रेतीत तेल साठेल का?

गोव्यात भूविज्ञानाचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच: किनाऱ्यावर एवढी रेती, ती खोल गाडली गेली तर तेलाचा साठा होईल का? तेल शिजतं शेलमध्ये (चिखलाच्या खडकात), ते प्रकरण वेगळं. इथे फक्त भांड्याबद्दल, म्हणजे तेल साठवणाऱ्या खडकाबद्दल. (आणि मुंबई हायचा दाखला नको, तिथलं मुख्य तेल चुनखडकात आहे. वालुकाश्मासाठी, म्हणजे रेतीच्या खडकासाठी, अंकलेश्वर किंवा बाडमेरचं मंगला ही तेलक्षेत्रं बघा.)

भांडं सुरुवातीला झकास असतं. लाटांनी धुतलेली, सारख्या कणांची कोरडी रेती लिटरभर घ्या, तिच्यात साधारण 400 मिलिलिटर पाणी मुरतं. म्हणजे सच्छिद्रता 40 टक्के. मांडवीच्या मुखाकडची चिखलमिश्रित रेती इतकं पाणी घेणार नाही. बारीक कण मोठ्यांच्या फटी अडवतात. पण सच्छिद्रतेवर भाळू नये. तेल वाहतं ते छिद्रांना जोडणाऱ्या अरुंद गळ्यांतून, त्याचं माप पार्यता. कणांचा व्यास निम्मा झाला तर सच्छिद्रता तीच राहू शकते, पार्यता मात्र चौथाईवर येते.

खरा घात गाडल्यावर होतो. वरच्या वजनाखाली क्वार्ट्झ हे रेतीतलं कठीण खनिज टिकतं. आपल्याकडच्या फिलाइट-शिस्ट या पापुद्र्यांच्या खडकांचे मऊ तुकडे मळलेल्या कणकेसारखे चेपून फटी बुजवतात. शिंपले विरघळून त्यांचं कॅल्साइट (चुन्याचं खनिज) छिद्रांत बसतं. पुढे 80 ते 100 अंशांवर, म्हणजे साधारण अडीच-तीन किलोमीटरखाली, क्वार्ट्झच्या कणांवर क्वार्ट्झचीच पुटं चढू लागतात. कणांना क्लोराइट या मातीच्या खनिजाचा पातळ, सलग लेप असेल तर ही पुटं धरत नाहीत. म्हणून चार किलोमीटरखालीही 20 टक्के सच्छिद्रता राखलेले वालुकाश्म सापडतात.

रेतीतलं फेल्डस्पार हे खनिज विरघळून नवी छिद्रं होतात, पण त्यातला माल बहुधा जवळच केओलिनाइट किंवा इलाइट (हीही मातीची खनिजं) होऊन बसतो. इलाइट सगळ्यांत लबाड. त्याचे केसासारखे तंतू गळ्यांत आडवे वाढतात; सच्छिद्रता जेमतेम घटते, पार्यता दहापट किंवा त्याहूनही खाली जाते. त्यात गाभ्याचा, म्हणजे विहिरीतून काढलेल्या खडकाचा नमुना भट्टीत वाळवला तर तंतू कणांना चिकटतात, प्रयोगशाळेत आकडा छान येतो आणि विहीर देत नाही. असा नमुना ओलाच जपावा.

विहीर सुधारायला आम्ल सोडतानाही आधी खनिजं तपासा. लोहयुक्त क्लोराइट हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळतं, आम्लाचा जोर ओसरला की ते लोह जेलीसारखं साकळून गळे बंद करतं. म्हणून सोबत लोह धरून ठेवणारं सायट्रिक आम्ल घालतात. ज्या लेपाने छिद्रं वाचवली, तोच इथे अंगाशी येतो.