फूटभर काळी फिल्म

फिल्म सोसायटीत प्रोजेक्टर चालवणारा म्हणजे दिवे विझवून बटण दाबणारा, असं सभासदांना वाटतं. खरं काम दुपारचं. 16 एमएमची प्रिंट, म्हणजे सिनेमाची फिल्मवरची प्रत, रिवाइंडरवर, म्हणजे रीळ हातानं फिरवायच्या यंत्रावर चढवायची, हातमोजा घालून तिच्या कडा दोन बोटांत धरायच्या आणि सावकाश फिरवत राहायचं. कडेचं फाटलेलं भोक डोळ्याआधी बोटाला कळतं.

त्या दिवशी वकिलातीच्या डब्यातून कॅनडातल्या नॉर्मन मॅक्लॅरेन या ॲनिमेशनवाल्याची 'ब्लिंकिटी ब्लँक' ही फिल्म आली होती. 1955ची, जेमतेम पाच मिनिटांची. मी ती पाहिलेली नव्हती. रिवाइंडरवर नुसता काळोख आणि मध्येच हिरवे-पिवळे ओरखडे. रंगीत प्रिंटवरचा ओरखडा वरवरचा असला तर हिरवा दिसतो, खोल गेला तर पिवळा. म्हणजे प्रिंट खराब! एका जागी जुना जोड उचकटला होता. दोन फ्रेम कापून भागलं असतं. मी पुढची फूटभर काळी पट्टी, म्हणजे 40 फ्रेम, छाटली. इमल्शन, म्हणजे चित्राचा थर, खरवडून, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून नवा जोड दिला. जोड मात्र सुरेख बसला.

मशीनमध्ये पडणारे ओरखडे फिल्मच्या लांबीनं उभे जातात. हे आडवे, तिरपे, वळणावळणाचे होते. एवढं तरी कळायला हवं होतं.

कळलं ते संध्याकाळी. मॅक्लॅरेननं काळ्या फिल्मवर थेट कोरूनच ती केलीय. दोनचार फ्रेमपुरता पक्षी चमकतो, पुन्हा काळोख; मधलं आपल्या डोळ्यानं भरून काढायचं. ध्वनिपट्टीवरही ओरखडून त्यानं ठोके काढलेत. हॉलमध्ये "दिवा गेला का हो?" सुरू झालं. चिटणीस धावत आले, "अहो, बंद करा, लेन्स पुसा आधी!" या गृहस्थांनी डब्यातलं माहितीपत्रक मला दुपारी दिलं असतं तर! मी मशीनला हात लावला नाही.

मग माझा जोड आला. आवाज फिल्मवर चित्राच्या 26 फ्रेम पुढं असतो, म्हणजे जोड आधी चित्राच्या खिडकीतून जातो आणि मग आवाज वाचणाऱ्या भागापाशी पोचतो; त्यामुळं आधी चित्रानं उडी मारली आणि सेकंदभरानं 'खट्' झालं. तेव्हा मात्र कुणी हूं की चूं केलं नाही.

डब्यातल्या कार्डावर मी 'एक जोड' एवढंच लिहिलं आणि सकाळी प्रिंट पुढच्या गावी गेली. तुकडा माझ्याकडेच राहिला. भिंगाखाली धरला तर तीन फ्रेममध्ये काहीतरी आहे, एकीत बहुतेक पीस. परत पाठवावा असं बरेचदा मनात आलं, पण सोबतच्या चिठ्ठीत काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही.