जंगलातून परत आणणारी गाडी

"फोर-व्हीलर घेतली," असं मी आईला फोनवर सांगितलं, तेव्हा तिने विचारलं, "म्हणजे जुनी कार काढून टाकलीत?" अमेरिकेत, उत्तर मिनेसोटात राहायला येईपर्यंत मलाही फोर-व्हीलर म्हणजे कारच वाटायची. इथे तो शब्द एटीव्हीसाठी आहे. मोटारसायकलवर बसतो तसं टांग टाकून बसायचं, हँडलने वळवायचं, अंगठ्याने थ्रॉटल दाबायचा, आणि खाली फुगीर, मऊ टायरांची चार चाकं. बसणारी व्यक्ती एकच. चिखल, दगड, ओढा, बर्फ, जिथे पाय रुततो तिथे ही गाडी जाते. निदान जावी, अशी अपेक्षा असते.

मी ती घेतली शिकारीसाठी आणि जंगलातल्या वाटांवर फिरण्यासाठी. शिकार हा शब्द आपल्या कानाला खुपतो, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या माझ्या पिढीला तो खुपायलाच हवा. इथली परिस्थिती वेगळी आहे. पांढऱ्या शेपटीची हरणं भरपूर आहेत, त्यांची संख्या आटोक्यात ठेवायला राज्याचं निसर्गसंपदा खातं परवाने देतं, प्रत्येक भागासाठी मर्यादा ठरवतं, आणि परवान्यांचा पैसा वन्यजीवांच्या कामासाठी वापरला जातो. बंदुकीचा हंगाम ६ नोव्हेंबरच्या आसपासच्या शनिवारी सुरू होतो. अंगावर भडक नारिंगी किंवा गुलाबी रंग घालणं सक्तीचं. मी शेजारच्या आजोबांकडून शिकले. आमच्या घरात वर्षभर खाल्लं जाणारं मांस कुठून आलं, ते मला नीट माहीत असतं, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं.

पहिल्या वर्षी आम्ही हरीण हातांनी ओढत आणलं होतं. पूर्ण वाढलेला नर साधारण पाऊणशे किलोचा असतो. आतडी काढल्यावर वजन बरंच कमी होतं, तरी दलदलीतून, पडलेल्या झाडांवरून, गुडघाभर गवतातून दीड किलोमीटर ओढायचं म्हणजे दोन माणसांचे अडीच तास. आजोबा तेव्हा सत्तरीत होते. त्यांचा चेहरा पाहून मी त्याच रात्री जुन्या एटीव्हींच्या जाहिराती चाळायला लागले.

आणि चुकले. आठशे सीसीच्या वरचं इंजिन, चकचकीत काळा रंग, उंच टायर, पुढे मोठे दिवे. विकणाऱ्याने आवारात एक फेरी मारून दाखवली आणि मी भुलले. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष कंपनीचा किती आणि आधीच्या मालकाचा किती ते मला सांगता येणार नाही. ऑक्टोबरमध्ये मी एकटी वाट बघून ठेवायला गेले. एक ओढा लागला. पाय ठेवायच्या फळीपर्यंत पाणी आलं, गाडी पलीकडे चढली, आणि त्यानंतर थ्रॉटल दाबला की इंजिन किंचाळायचं, पण चाकं जेमतेम फिरायची. मी तशीच रेटत राहिले. मैलभर पुढे जळक्या रबराचा वास आला आणि सगळं थांबलं. डांबरी रस्ता सात मैलांवर होता, फोनला रेंज नव्हती, संध्याकाळचे पाच वाजले होते. चालत आले. घरी पोचले तेव्हा बोटं वाकत नव्हती.

काय झालं होतं ते आजोबांनी दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेडमध्ये उघडून दाखवलं. आपल्याकडच्या गिअरलेस स्कूटरमध्ये असतो तसाच रबरी बेल्ट बहुतेक एटीव्हींमध्ये असतो. दोन पुल्या, मधे बेल्ट. वेग वाढला की एक पुली मिटते, दुसरी उघडते, आणि गिअर न बदलता गाडी पळते. चालवायला अतिशय सोपं. पण त्या बेल्टला थंड ठेवायला बाहेरची हवा आत घ्यावी लागते, आणि हवेच्या त्याच नळीतून पाणी आत गेलं की बेल्ट घसरतो. अशा वेळी थांबून बेल्टच्या पेटीखालचं बूच काढायचं, पाणी जाऊ द्यायचं, न्यूट्रलमध्ये इंजिन जरा फिरवून बेल्ट वाळवायचा. मी उलट केलं. शिवाय बेल्टच्या गाडीतही हाताने निवडायचे हाय आणि लो असे गिअर असतात, आणि मी सगळा वेळ हायमध्ये होते. ओझं असेल, चढ असेल, वेग कमी असेल, तर लो गिअर टाकायचा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. हायमध्ये हळू चालवलं की बेल्ट पुलीवर घासत राहतो आणि जळतो.

आजोबांची स्वतःची गाडी वीस वर्षांहून जुनी होती. रंग उडालेला, सीटला पट्ट्या चिकटवलेल्या. किल्ली फिरवली की सुरू. ते मला म्हणाले, "घ्यायच्या आधी हे सांग, तू कुठे जाणार, किती वेळा एकटी असणार, आणि दुरुस्ती कोण करणार." मी पुढचे चार महिने या तीन प्रश्नांना धरूनच गाड्या पाहिल्या.

आमच्या भागाला या यंत्रांचा मोठा वारसा आहे, हे त्या काळात कळलं. पोलारिस ही कंपनी १९५४ साली इथल्याच रोझो नावाच्या लहानशा गावात सुरू झाली, बर्फावरच्या गाड्या बनवायला. तिच्या संस्थापकांपैकी एडगर हेटीन पुढे तिथून बाहेर पडले आणि जवळच्याच थीफ रिव्हर फॉल्समध्ये त्यांनी आर्क्टिक कॅट उभी केली. एटीव्ही मात्र मुळात जपानी कंपन्यांनी रुजवली. होंडाची १९७०ची गाडी तीनचाकी होती. तीन चाकं वळणावर उलटायची, माणसं दगावली, लहान मुलं दगावली, आणि १९८८मध्ये सरकारी ग्राहक-सुरक्षा आयोगाशी समझोता होऊन कंपन्यांनी अमेरिकेत नव्या तीनचाकी विकणं बंद केलं. जुन्या तीनचाकी अजून कुठे कुठे स्वस्तात मिळतात. घेऊ नका, कितीही चांगल्या अवस्थेत असली तरी.

मग बेल्ट की गिअर? यामाहाच्या रचनेत वेगळा क्लच असतो आणि बेल्ट सतत ताणलेला राहतो, त्यामुळे तो कमी झिजतो आणि उतारावर इंजिनाचा ब्रेक चांगला लागतो. पोलारिस, कॅन-ॲम यांच्या बेल्टच्या गाड्या इथे हजारो लोक वर्षानुवर्षं वापरतात, आणि बेल्टची काळजी घेतली तर त्या उत्तम चालतात. होंडाच्या कामाच्या एटीव्हींमध्ये बेल्ट नसतोच, मोटारसायकलसारखे खरे गिअर असतात. मी एकटी जाते, ओढे ओलांडते, आणि माझा फोन तिथे चालत नाही. मला बेल्ट नको होता. हा निर्णय माझ्या जंगलापुरता आहे. ज्यांच्याकडे रुंद, कोरड्या वाटा आहेत आणि सोबत चार गाड्या असतात, त्यांनी बेल्टला घाबरायचं काही कारण नाही.

इंजिनाच्या आकाराबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. शिकारीला आणि वाटांवर फिरायला ४०० ते ५७० सीसी पुरतं. मोठ्या इंजिनाची गाडी जड असते, आणि जड गाडी रुतली की एकट्या माणसाला निघत नाही. पाय जमिनीला किती टेकतात, हँडल पूर्ण वळवल्यावर बाहेरचा हात पोचतो का, जाड हातमोज्यात अंगठा थ्रॉटलवर दोन तास राहील का, हे बसून पाहिल्याशिवाय कळत नाही. मी प्रत्येक गाडीवर हिवाळ्याचे बूट आणि हातमोजे घालूनच बसत होते. पॉवर स्टिअरिंग असलेली गाडी चालवल्यावर तर खांदे आपोआप कौल देतात. दगडावर चाक आपटलं की हँडलला बसणारा झटका ते स्वतःवर घेतं.

इंधन इंजेक्शन हवंच. उणे पंधरा अंशांत जुन्या कार्बुरेटरला चोक देत बसायला बोटं शिल्लक राहत नाहीत. इंजिन पाण्याने थंड होणारं असावं, कारण चिखलातून माणसाच्या चालीने जाताना हवा लागत नाही. फोर-व्हील ड्राइव्ह तर हवाच.

रुंदीचा मुद्दा नवख्यांच्या लक्षात येत नाही. मिनेसोटात ५० इंचांपर्यंतची गाडी पहिल्या वर्गात, त्याहून रुंद ६५ इंचांपर्यंतची दुसऱ्या वर्गात. काही वाटा फक्त पहिल्या वर्गाला खुल्या असतात. शेजारी-शेजारी बसायच्या, वर पिंजरा आणि पट्टे असलेल्या साइड-बाय-साइड गाड्या बहुधा दुसऱ्या वर्गात येतात. त्या कुटुंबाला सोयीच्या आहेत, सामान भरपूर मावतं, पण माझ्या वाटेवरच्या दोन पाइन झाडांमधून जात नाहीत. सुपीरियर राष्ट्रीय वनात तर वनखात्याच्या नकाशात मोटार-वाहनांसाठी दाखवलेल्या रस्त्यांवर आणि वाटांवरच जायचं.

जुनी गाडी बघायला जाताना मी दोन गोष्टी पाळल्या. पहिली, विकणाऱ्याला आधीच सांगायचं की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गेल्या गेल्या सायलेन्सरला हात लावायचा. गरम असेल तर थंड इंजिन कसं सुरू होतं ते आज कळणार नाही, दुसऱ्या दिवशी या. दुसरी, सीट काढून एअर फिल्टरची पेटी उघडायची. आमच्याकडे गिल्बर्टजवळ जुन्या लोहखाणींच्या जागेवर एटीव्हींसाठी मोठं उद्यान आहे, आणि तिथली धूळ कच्च्या लोखंडाची, गेरूसारखी लाल. ती कपड्यांतून दोन धुण्यांत जात नाही. मी पाहिलेल्या एका सुंदर गाडीत फिल्टरच्या आतल्या बाजूला, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत, त्या लाल धुळीचा थर होता. फिल्टर नीट बसवलेला नव्हता आणि इंजिनाने ती धूळ गिळली होती. बाहेरून गाडी नवी दिसत होती. मी आभार मानून निघाले.

बाकी तपासणी कुणीही करू शकतं. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. एक्सलच्या टोकांवरचे रबरी बूट, म्हणजे सांध्यांवरची आवरणं, फाटलेले असतील तर सांध्यांत माती गेलीय. पुढचं चाक जमिनीपासून उचलून वर-खाली हलवायचं, खडखड झाली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेलेत. मीटरवरचे तास आणि मैल ताडून बघायचे. तास खूप आणि मैल थोडे, म्हणजे गाडी हळू, कामाला लावलेली. आणि कागदावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतो का ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं.

शेवटी घेतली ती होंडा रँचर, ४२० सीसी, एका शेतकऱ्याकडची. मागचा एक्सल अखंड आहे, त्यामुळे खडबडीत वाटेवर कंबरेला जाणवतं, पण मागे फाटायला रबरी बूटच नाहीत. वजन पावणेतीनशे किलोंच्या आसपास. तिच्या मागच्या रॅकची क्षमता १३३ पौंड, म्हणजे साठ किलो. ही गोष्ट मी घेण्याआधी नीट वाचली, कारण मोठा नर त्यावर ठेवता येत नाही. आणि क्षमता असली तरी उंचावरचं ओझं चढावर गाडीला मागे खेचतं. मी हरीण प्लास्टिकच्या लांब घसरगाडीवर बांधते आणि हळू ओढत आणते. ओझं जमिनीलगत राहतं.

रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारी विंच लावून घेतली, ३००० पौंडांची. ओढायची क्षमता गाडीच्या वजनाच्या किमान दीडपट हवी, हा नियम. ही त्याहून खूप जास्त आहे, पण चिखल गाडीला कवटाळतो तेव्हा हिशेब बदलतो. स्टीलची तार न घेता कृत्रिम धाग्याचा दोर घेतला, कारण तुटलेली तार चाबकासारखी उलटते. टायरमध्ये हवा पाच पीएसआयच्या आसपास, आणि तेवढी कमी हवा मोजणारा वेगळा गेज लागतो. कारचा गेज इथे उपयोगाचा नाही.

गाडी चांगली असली तरी ती उलटते, हे मी विसरत नाही. १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्यांना इथे सार्वजनिक जागेवर चालवायला सुरक्षा-प्रशिक्षण सक्तीचं आहे. माझा जन्म त्या तारखेच्या आधीचा, मला सक्ती नव्हती, तरी केलं. चढावर पुढे झुकायचं, आडव्या उतारावर वरच्या बाजूला वजन टाकायचं, मागे कुणालाही बसवायचं नाही, हेल्मेट नेहमी. बंदूक गाडीवर असताना कधीही भरलेली नाही.

हंगामात अजून एक नियम असतो, आणि तो मला फार आवडतो. हरणांच्या बंदुकीच्या हंगामात परवानाधारक शिकाऱ्याने एटीव्ही चालवायची ती शिकारीची वेळ सुरू व्हायच्या आधी, वेळ संपल्यानंतर, किंवा दुपारी अकरा ते दोन. बाकी वेळ जंगल शांत. मी पहाटे अंधारात जाते, बसायच्या जागेपासून अर्धा मैल अलीकडे गाडी उभी करते आणि उरलेलं चालते. इंजिनाची टिकटिक थंड होत थांबते, मग बर्फावरची खारीची पावलंसुद्धा ऐकू येतात.

गेल्या नोव्हेंबरात साडेदहाला एक मादी मिळाली. मी तिच्याजवळ बसून राहिले, अकरा वाजेपर्यंत. मग चालत जाऊन किल्ली फिरवली. उणे अकरा अंश होतं, गाडी पहिल्या फिरवण्यात सुरू झाली. ओढ्यापाशी आजोबा काठी टेकून उभे होते. ते आता बंदूक घेऊन येत नाहीत, नुसते येतात. त्यांनी आधी घसरगाडीचा दोर तपासला, गाठ एकदा सोडून पुन्हा बांधली, आणि मग मला हाताने खूण केली, चल.