चार उभ्या, पाचवी आडवी

खोटा कागद फार स्वच्छ असतो. अठरा वर्षं रस्त्यावरच्या गाड्या मोजतोय, तेवढं एक कळतं. खऱ्या शीटवर चहाचा डाग असतो, पहाटे चारच्या रकान्यात थंडीनं बोटं आखडून रेघा लुळ्या पडलेल्या असतात, कुठं तरी 'ट्रॅक्टर' खोडून 'ट्रॉली' केलेलं असतं. चौकी नंबर दोनच्या गठ्ठ्यात हे सगळं होतं. म्हणून मी तो पहिल्या दिवशी बिनघोर पास केला.

यवतमाळ जिल्ह्यातलं एक वाढतं शहर. नाव मुद्दाम लिहीत नाही. अजून काही ठरलेलं नाही, आणि तिकडं कोणी नुसतं 'बायपास' म्हणालं तरी त्या बाजूच्या वावरांचे भाव दुसऱ्या दिवशी हलतात. शहराच्या मधोमध एकच मोठा रस्ता. त्यावरच बसस्टँड, त्यावरच दोन शाळा, त्यावरच बाजार समितीचं फाटक. दिवाळीला कापूस सुरू झाला की उलंगवाडीपर्यंत, म्हणजे कापसाचा हंगाम संपेपर्यंत, फाटकासमोर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते, आणि आवक वाढली की ती बसस्टँडपर्यंत येते. त्या रांगेला घासत वणीकडचे कोळशाचे हायवा डंपर जातात, आदिलाबादवरून हैदराबादला जाणारे ट्रक जातात, मधूनच शाळा सुटते. शहराला वळणरस्ता हवा का, हे तिथल्या कुठल्याही पानठेल्यावर विचारा, हवाच म्हणतात. कुठून न्यायचा विचारलं की जो तो दुसऱ्याच्या शिवाराकडं बोट दाखवतो.

आमच्याकडं त्या प्रकल्पाच्या अहवालासाठी वाहतुकीची मोजणी होती. सात दिवस, चोवीस तास. प्रत्येक चौकीवर पाळीला चार पोरं, बहुतेक गावातलीच, रोजंदारीवर. फॉर्मवर पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने. गाडी गेली की उभी रेघ, चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. सोपं वाटतं. पहिल्या दिवशी निम्मी पोरं पाच गाड्यांच्या पाच उभ्या काढून वर आडवी मारतात, म्हणजे पाचाचे सहा. हे संध्याकाळपर्यंत पकडलं नाही तर आख्खं शहर कागदावर एका दिवसात फुगतं.

मग या रेघांचे पीसीयू करतात, पॅसेंजर कार युनिट, म्हणजे कुठली गाडी किती कारच्या बरोबर धरायची ते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) १९९० च्या तक्त्यात कार म्हणजे १, दुचाकी ०.५, बस किंवा ट्रक ३, ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर ४.५. आणि बैलबंडी ८. एका बंडीबरोबर आठ कार! हे सांगितलं की पोरं हमखास हसतात. पोळ्याचा दिवस सोडला तर बैलाला एवढा मान दुसरीकडं कुठं मिळत नाही. अर्थात तक्त्याला मानाशी देणंघेणं नाही. बंडी किती जागा खाते आणि मागच्यांना किती वेळ अडवते, याचा तो आकडा आहे.

पण गाड्या कितीही मोजा, बायपास लागतो की नाही ते त्यातून कळत नाही. शहरात शिरणारी गाडी शहरातच थांबणार असेल तर तिला बाहेरच्या रस्त्याचा उपयोग काय? फक्त आरपार जाणारी गाडी तिकडून जाईल. कॅमेरा गाडी मोजतो, तिला कुठं जायचंय ते विचारत नाही. म्हणून ओ-डी, म्हणजे ओरिजिन-डेस्टिनेशन सर्वे करावा लागतो. पोलिसाच्या मदतीनं गाडी बाजूला घ्यायची आणि विचारायचं, कुठून आला, कुठं चालला, माल काय, आठवड्यात किती फेऱ्या. ड्रायव्हर आधी कागदपत्रं काढतो, मग पन्नासची नोट. आपण नुसतंच विचारतोय हे त्याला पटेपर्यंत मागे पाच गाड्या साचतात.

गावाभोवतीच्या बायपाससाठी वाहतूक कशी तपासायची, एवढ्याच विषयावर आयआरसीचं १०२ नंबरचं एक पुस्तक आहे, १९८८ चं. आमच्या ऑफिसात ते किती जणांनी उघडलंय याची मला शंका आहे. त्यांच्याकडं मागच्या कामाची एक्सेल असते, तिच्यात शहराचं नाव बदलतात.

चौकी दोनवर रात्रीच्या ओ-डीला एक पोरगा होता. बीएच्या दुसऱ्या वर्षाला, कास्तकाराघरचा. अक्षर मोत्यासारखं. ड्रायव्हरांशी हिंदी बोलायचा, तेलुगूचे दोन शब्द टाकायचा, कोणाला अरेतुरे नाही. दुसऱ्याच रात्री मी चौकी त्याच्या भरवशावर सोडून झोपायला लागलो. शिकवताना बोलेरोच्या बोनेटवर नकाशा पसरून मी सगळ्यांना वळणरस्त्याचे तीन पर्याय दाखवले होते, लाल, निळा आणि हिरवा. हे करायचं नसतं. मी दरवेळी करतो, कारण नकाशा पाहिला की पोरांना आपण कशासाठी जागतोय ते कळतं.

पाचव्या दिवशी सकाळी लॉजवर गठ्ठे लावत बसलो होतो. एका फॉर्मवर हात थांबला. तेलंगणा पासिंगचा दहाचाकी. माल: संत्रा. कुठून: वरूड. कुठं: बाजार समिती. वेळ रात्री अडीच. आता त्या शहराच्या बाजार समितीत येतो कापूस, तूर, सोयाबीन. संत्र्याचे भरलेले कॅरेट तिथं रात्री अडीचला कोण उतरवून घेणार? पुढचा फॉर्म सळईचा ट्रक, कुठं: जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. त्यापुढचा बिस्किटांचा कंटेनर, कुठं: जिनिंग.

ओ-डीच्या फॉर्मवर गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे असतात. पलीकडच्या टोकाला, चौकी चारवर, एक जण मोठ्या गाड्यांचे तेच चार आकडे वेळेसकट टिपतो. हे काम कंटाळवाणं, आणि ऑफिसला ते नेहमी फालतू खर्चाचं वाटतं. दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवले. संत्र्याची गाडी अडीचला दोनवर, तीन वाजून पाच मिनिटांनी चारवर. शहराबाहेर. मग सळई. मग कंटेनर. चहा गार झाला तरी मी आकडे जुळवतच होतो. 'शहरात माल उतरवणारे' ट्रक अर्ध्या-पाऊण तासात ताडपत्रीसकट पलीकडं निघून जात होते. तीन रात्रींचं सगळं असंच.

रेघा खऱ्या होत्या. वेळा, माल, नंबर, चहाचा डागही खरा. खोटा होता तो फक्त 'कुठं' हा एक रकाना.

संध्याकाळी तो पाळीवर आला तेव्हा त्याला बाजूला घेतलं. "काहून लिवलं बे असं?"

तो घाबरला नाही, याचंच मला जास्त आश्चर्य वाटलं. म्हणाला, "सर, तुमची लाल रेघ आमच्या वावरातून जाते. तुमीच सांगतलं ना, ट्रक गावातच थांबते असं दिसलं त बायपास लागतच नाई."

माझं शिकवणं इतकं नीट समजलेला तो अठरा वर्षांतला पहिलाच पोरगा.

दुसऱ्या दिवशी तो मला त्याच्या गाडीवर मागं बसवून शिवारात घेऊन गेला. मी का गेलो, सांगता येत नाही. फुटलेली पऱ्हाटी, दोन वेचण्या झालेल्या, खाली भेगाळलेली काळी माती. गाव एका अंगाला, वावरं आणि नाला दुसऱ्या अंगाला, मधे पांदण. नकाशावरची लाल रेघ पेन्सिलीच्या टोकाएवढी असते. प्रत्यक्षात चौपदरी रस्त्याला ६० मीटरचा पट्टा लागतो. मी धुऱ्यावरून पावलं टाकून तो अंदाजानं मोजून दाखवला. मोजताना पोराचे वडील शेजारून चालत होते, मुकाट.

थांबल्यावर त्यांनी हातानं हवेत तिरपी रेघ मारली. "साहेब, पैशे भेटते म्हन्ते, थे ऐकलं मी. पन रस्ता असा कोनावर गेला त पलीकडं दीड एकराचा तिकोना राह्यते. तिकोन्यात औताचा तास कसा येईन? बैलाले वळाले जागा लागते. कोपरा त पडीतच पडन." मग जरा थांबून म्हणाले, "आन् तिथं जाचं कसं?"

मी मला ठाऊक होतं ते सांगितलं. १९५६ च्या महामार्ग कायद्यानं नोटीस निघाली की हरकतीला २१ दिवस असतात. मोबदला २०१३ च्या कायद्याच्या हिशेबानं निघतो, त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम. वावराचे तुकडे पडले तर त्याचं नुकसानही मागता येतं. ते मान हलवत होते. माझ्या बोलण्यात 'तिथं जाचं कसं' याचं उत्तर कुठंच नव्हतं, हे मला बोलतानाच कळत होतं. भुयारी मार्ग ठेवतात म्हणावं, तर रेल्वेखालचे तसले मार्ग श्रावणात कसे भरतात ते त्या माणसानं माझ्यापेक्षा जास्त पाहिलेलं होतं.

परत येताना पोरगा गाडी चालवता चालवता म्हणाला, "सर, तुमच्या फॉर्मात आडवं जानाऱ्याचं काईच नाई."

खरंच नव्हतं. आमचा सगळा सर्वे रस्त्याच्या लांबीनं जाणाऱ्यांचा. होऊ घातलेला रस्ता जे रोज आडवा ओलांडणार, त्यांना मोजायचं आमच्या कामाच्या कागदात लिहिलेलंच नव्हतं, कारण तिथं अजून रस्ता नाही.

पुढच्या दोन रात्री मी स्वतः चौकी दोनवर बसलो. त्याच्या तीन रात्रींचे जे ट्रक नंबरावरून जुळले ते दुरुस्त केले, बाकीचे फॉर्म बाद केले. बाद केल्याचं कारण लिहायला ऑफिसच्या फॉर्मवर एक ओळ असते. त्यात मी लिहिलं, 'दवाने फॉर्म भिजले.' अतिशय स्वच्छ अक्षरात. पोराचं नाव दिलं असतं तर त्याची मजुरी कापली असती आणि पुढच्या कामाला त्याला कोणी घेतलं नसतं. मजुरी पूर्ण दिली. हे बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता येत नाही. ऑफिसातला इंजिनिअर फोनवर म्हणाला, "एवढं जागायची काय गरज होती? गेलेल्या रात्रींना सरासरी लावून टाकली असती."

खऱ्या फॉर्मांतून जे निघालं ते कोणालाच सोयीचं नव्हतं. रात्रीचे मोठे ट्रक बहुतेक आरपारचेच, म्हणजे बायपासला त्यांचा आधार आहे, आणि शाळेसमोरून कोळशाचा हायवा हटला तर मीच पहिला हात जोडीन. पण लोक ज्या कोंडीवरून शिव्या देतात ती दिवसाची, आणि ती ट्रॉल्यांची, टमटमची, दुचाक्यांची. त्या सगळ्यांना शहरातच यायचं असतं. बायपास उद्या झाला तरी बाजार समितीची रांग होती तिथंच राहील. आवार बाहेर न्या, निदान गेट तरी मागच्या रस्त्यावर उघडा, हे मी अहवालात सुचवलं. ते 'कामाच्या कक्षेबाहेर' म्हणून गळलं. पैसा रस्त्याचा, त्यामुळे रोगही रस्त्याचाच असला पाहिजे.

आणि बायपास तरी किती वर्षं बाहेर राहतो? नागपूरचा रिंगरोड कधीकाळी शहराबाहेर होता. आज त्यावर सिग्नलला उभं राहून पाहा. इथंही लाल रेघेच्या आसपास दोन ले-आऊटचे बोर्ड मी पाहिले. रस्ता नाही, मोबदला नाही, अधिसूचना नाही, पण 'प्रस्तावित बायपास टच प्लॉट' आहेत.

निघायच्या दिवशी पहाटे साडेपाचला मी एकटाच पांदणीवर जाऊन बसलो, लाल रेघ ती जिथं ओलांडते तिथं. हातात आमचाच फॉर्म, पंधरा-पंधरा मिनिटांचा. सकाळी नऊपर्यंत बसलो. चौदा बंड्या गेल्या, आठच्या हिशेबानं ११२ पीसीयू. डोक्यावर डबे घेतलेल्या वेचणीच्या बायांचा एक घोळका गेला. त्यातली एक म्हातारी थांबून म्हणाली, "काय लिवून राह्यला बाप्पा एकटाच?" तुम्हाला मोजतोय म्हटल्यावर ती मागे वळून बाकीच्यांना ओरडली, "चाला वं, नीट चाला, मोजून राह्यले!" त्यांच्यासाठी रकाना नव्हता, समासात रेघा मारल्या. मग शेळ्या आल्या. त्यांनाही समासात घेतलं, चार उभ्या, पाचवी आडवी, पार कागदाच्या कडेपर्यंत.

तो कागद मी अहवालाला पुरवणी म्हणून जोडून पाठवला. महिन्याभरानं ऑफिसातून एका नव्या पोराचा फोन आला. तो आकडे एक्सेलमध्ये भरत होता.

"सर, त्या शेवटच्या शीटमध्ये शेळ्या आहेत. शेळीचा पीसीयू किती धरायचा?"

थट्टा करत होता की खरंच विचारत होता, हे मला त्याच्या आवाजावरून कळलं नाही.