रात्रीची पंधरा मिनिटांची झडती

आनंद झाला का, हे त्याच क्षणी विचारून कळत नाही. तासाभराने विचारावं. सोळाव्या शतकातल्या संत इग्नेशियस लोयोलाच्या साधनेचं बरंचसं मूळ या एका निरीक्षणात आहे, आणि ते त्याला देवळात सुचलं नाही, अंथरुणावर पडल्या पडल्या सुचलं.

२० मे १५२१ रोजी उत्तर स्पेनमधल्या पॅम्प्लोनाच्या किल्ल्यावर तोफगोळ्याने या बास्क सरदाराचा उजवा पाय मोडला. हाड नीट बसलं नाही म्हणून लोयोला इथल्या आपल्या घरी ते पुन्हा मोडून बसवावं लागलं. महिनोन्‌महिने पडून राहायचं, म्हणून त्याने शौर्यकथा मागितल्या. घरात होतं ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा; तेच वाचावं लागलं. मग मन दोन वाटांनी धावायचं. कधी एका थोर घराण्यातल्या स्त्रीसाठी गाजवायचे पराक्रम, कधी संतांसारखं अनवाणी जेरुसलेमला जाणं. रंगवताना मजा दोन्हींत सारखीच. पण पहिलं स्वप्न ओसरलं की मन कोरडं पडायचं, आणि दुसरं ओसरल्यावरही तृप्ती मागे उरायची. तळलेलं खाताना काय वाटतं आणि दोन तासांनी काय वाटतं, तसाच हा फरक.

बायबलमधल्या गलतीकरांस पत्रात प्रेषित पौलाने आनंदाला पवित्र आत्म्याचं फळ म्हटलं आहे. फळ ओढून मोठं होत नाही. झाडाला पाणी कुठून मिळतंय आणि मुळाशी कीड कुठे लागलीय, एवढंच बघता येतं. रोजची झडती, म्हणजे प्रार्थनेत दिवसाकडे मागे वळून पाहणं, हे याचसाठी. इग्नेशियसने ती पाच टप्प्यांत मांडली, आणि आपण स्थापन केलेल्या येशूसंघ (जेझुइट) या धर्मसंघाच्या सभासदांना ती दिवसातून दोनदा, दुपारी आणि रात्री, नेमून दिली. घरसंसार असलेल्या माणसाला रात्रीची एक पुरे.

वेळ जेवणाआधीची धरावी. वसईकडे संध्याकाळची रोझरी किंवा नगर-जालन्याकडच्या घरांत कौटुंबिक प्रार्थना होते, तिला जोडूनच बसलं तर वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. अंथरुणावर आडवं होऊन करायची झडती तिसऱ्या मिनिटाला घोरण्यात संपते. खुर्ची घ्या, पाठ टेकवा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. वेळेसाठी साधं घड्याळ चालतं. बसण्याआधी खुर्चीपासून एक-दोन पावलांवर, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रभूची प्रार्थना म्हणायला लागेल तेवढा वेळ, नुसतं उभं राहायचं आणि देव आपल्याकडे बघतो आहे हे लक्षात आणायचं. ही सूचना इग्नेशियसने प्रार्थनेच्या तासासाठी दिली आहे. इथेही ती फार उपयोगी पडते. घाईत बसलेलं मन घाईतच उठतं.

पहिली तीन-चार मिनिटं आभाराची. इथे बहुतेकांचं चुकतं ते ढोबळपणामुळे. ‘आरोग्य, कुटुंब, नोकरी’ हे रोज म्हटलं की आठवड्यात त्याचा पाढा होतो. आजच्याच तीन गोष्टी शोधा, आणि त्या इतक्या बारीक असू द्या की कालच्या यादीत बसल्या नसत्या: लोकलमध्ये कुणीतरी न मागता सरकून दिलेली जागा, फोडणीतल्या कढीपत्त्याचा वास, मुलाने स्वतःहून उचललेलं ताट. मग एक मिनिट उजेड मागायचा: प्रभू, हा दिवस मला माझ्या नजरेने नको, तुझ्या नजरेने दाखव. हा टप्पा गाळला की पुढची झडती आपणच आपली घेतो, आणि आपण एकतर फार सैल असतो नाहीतर फार कडक.

मधली सहा-सात मिनिटं खरी. उठल्यापासून तासातासाने दिवस पुढे सरकवायचा. समजा, एखादी बँकेतली कर्मचारी बसली आहे. साडेअकराला काउंटरवर एका म्हाताऱ्या गृहस्थांना तिने पासबुकाच्या नोंदी तीनदा समजावल्या. तेव्हा वैताग आला होता, पण आता आठवताना मन हलकं आहे. दीड वाजता डब्याच्या वेळी सहकारणीची सगळ्यांनी मिळून थट्टा केली. तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली, आता मात्र तोंडाला कडवटपणा आहे. घटना तपासू नका, मागे उरलेली चव तपासा. जिथे विश्वास, आशा, प्रीती वाढली तिथे सांत्वन. जिथे अंधार, अस्वस्थता, प्रार्थनेचा कंटाळा, तिथे शुष्कता. सांत्वन म्हणजे खुशीच असंही नाही. पापाबद्दलच्या दुःखाने किंवा ख्रिस्ताच्या दुःखसहनामुळे आलेले अश्रूही इग्नेशियस सांत्वनातच धरतो. आनंद म्हणजे हसरा चेहरा असं समजणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

त्यानंतर क्षमा मागायची, एकाच गोष्टीबद्दल, नाव घेऊन: ‘दीडची थट्टा’. मग उद्याचा एक निश्चय. तोही असा की उद्या रात्री झाला की नाही ते सांगता यावं. ‘प्रेमाने वागेन’ असा नको. ‘सकाळी तिच्याजवळ जाऊन बोलेन’ असा हवा. शेवटी प्रभूची प्रार्थना, आणि उठायचं. उद्याच्या कामांची यादी डोक्यात सुरू झाली तर समजावं की झडती संपून ऑफिस सुरू झालंय.

एकच दोष पुन्हा पुन्हा येत असेल तर त्याच्यासाठी वेगळी, खास झडती आहे. समजा, दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडायची सवय. सकाळी उठताच तेवढ्याबद्दलच सावध व्हायचं. दिवसात चूक झाली की छातीला हात लावायचा. चारचौघांतही कुणाच्या लक्षात येत नाही. दुपारी आणि रात्री वहीत तेवढे ठिपके काढायचे. दर दिवशी दोन ओळी, सात दिवसांच्या चौदा. इग्नेशियसच्या ‘आध्यात्मिक साधना’ या मूळ पुस्तिकेत ओळींपुढे दिवसाची खूण म्हणून अक्षर आहे; पहिल्या दिवसाचं मोठं आणि पुढची लहान लहान होत गेली आहेत. मग ओळ ओळीशी, दिवस दिवसाशी, आठवडा आठवड्याशी ताडून बघायचा. पहिल्या आठवड्यात ठिपके वाढतात. घाबरू नये, चुका पूर्वीही तेवढ्याच होत्या, दिसत नव्हत्या.

सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे झडतीचं कोर्ट करणं. धार्मिक घरांत वाढलेल्यांना हा रोग लवकर जडतो: आभार दोन वाक्यांत, गुन्हे दहा मिनिटं. खुद्द इग्नेशियसला स्पेनमधल्या मानरेसा गावी राहत असताना हे भोवलं. कबूल केलेली पापं तो पुन्हा पुन्हा कबूल करत राहिला. मन शांत होईना म्हणून आठवडाभर अन्न सोडलं. शेवटी पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने खायला लावलं. उपाय साधा आहे: आभारांना दिलेला वेळ चुकांच्या वेळेपेक्षा कमी होऊ द्यायचा नाही. तरीही जुनी पापं डोकं वर काढत राहिली तर एकट्याने न कुढता फादरांशी, पाळकांशी बोलावं.

दुसरी चूक शुष्कतेच्या दिवसांत होते. प्रार्थनेत काहीच वाटत नाही, म्हणून माणूस नेम मोडतो. इग्नेशियसचा नियम इथे ठाम आहे: शुष्कतेत आधीचा निर्णय बदलायचा नाही. चर्च सोडायचं, सेवा थांबवायची, नातं तोडायचं, हे मन ठिकाणावर आल्यावर ठरवावं. उलट अशा वेळी प्रार्थना ठरल्यापेक्षा थोडी लांबवावी. पंधरा मिनिटं जड जात असतील तर सोळा बसावं. शुष्कतेची तीन कारणं तो देतो: आपला आळस, आपली कसोटी, आणि सांत्वन ही आपली कमाई नसून देणगी आहे हे कळावं म्हणून. पहिलं कारण आधी तपासावं. बरेचदा तिथेच काम होतं.

मात्र झोप उडाली, भूक गेली, कशातच रस उरला नाही आणि असं दोन आठवड्यांपलीकडे चाललं, तर त्याला शुष्कता म्हणून अंगावर काढू नये. डॉक्टरांकडे जावं. प्रार्थना आणि गोळी एकमेकींच्या सवती नाहीत.

वही ठेवायची तर रोज एकच ओळ लिहावी: तारीख, एक सांत्वन, एक शुष्कता. पान पान लिहिणारे पंधरवड्यात थकतात. चुकलेला दिवस मागाहून भरू नये. ती ओळ कोरी राहू द्यावी. महिन्याच्या शेवटी लिहिलेल्या ओळी वाचून झाल्या की कोऱ्या ओळी बघाव्यात, त्या कोणत्या वारी येतात, कोणाच्या भेटीनंतर येतात.