आमची वाटचाल : मीटर बॉक्सपासून स्वतःच्या बेंडिंग मशीनपर्यंत

कळव्यात घरामागच्या शेडमध्ये मी आणि बायकोने मीटर बॉक्स बनवायला घेतले, तेव्हा आमच्याकडे एक ग्राइंडर, एक वेल्डिंग मशीन आणि दोन जाड अँगल होते. अँगलमध्ये पत्रा आवळायचा आणि लाकडी मोगरीने ठोकून वाकवायचा. लांब घडीत लाट यायची, रंग मारला की ती जास्तच उठून दिसायची. मग बेंडिंग रबाळे एमआयडीसीतून करून घेऊ लागलो. काम अर्ध्या तासाचं, पण टेम्पो आणि नंबर लागायची वाट यात दिवस जायचा. शेवटी हाताने चालवायची जुनी बेंडिंग मशीन घ्यायचं ठरवलं.

पहिली पाहिली ती नव्या हिरव्या रंगात चकचकीत. विकणाऱ्याने कडेला वीतभर तुकडा वाकवून गुण्या लावून दाखवला. काटकोन अचूक. मी तिथेच इसार दिला. दुसऱ्या दिवशी पूर्ण चार फुटांची पट्टी घेऊन गेलो. दोन्ही टोकांना 90 अंश, मध्ये मात्र घडी चांगली चार अंश उघडी. म्हणजे पत्रा उचलून वाकवणारं पातं मध्येच बाकलेलं. झेपत नाही एवढा जाड पत्रा सतत घातला की असं होतं. इसार परत मिळाला नाही. तेवढ्यात आमचा महिन्याचा पत्रा आला असता.

दुसरी मशीन वागळे इस्टेटमध्ये मिळाली. सत्तरी ओलांडलेले एक काका गाळा बंद करत होते. मशीनवर गंज होता, मी जरा बिचकलो. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "पूर्ण रुंदीची पट्टी आणलीत का?" आणली होती. 18 गेजची, म्हणजे साधारण 1.2 मिलिमीटर जाड (गेजचा आकडा जेवढा लहान, तेवढा पत्रा जाड). डावं टोक, मध्य, उजवं टोक, तिन्हीकडे गुण्या बसला. मग काकांनीच पातं अर्ध्यावर उचलून हलवायला लावलं. डाव्या बिजागरीत खटखट होती. "पिन-बुश लेथवर होऊन जाईल. पातं बाकलं असतं तर मीच तुम्हाला घेऊ नका म्हटलं असतं," म्हणाले. ही खोट त्यांनी स्वतःहून दाखवली म्हणून मी भावात फार घासाघीस केली नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या कामाची होती. पत्रा दाबून धरणारा वरचा जबडा अखंड नव्हता, सुट्या तुकड्यांचा होता. अखंड जबड्यात बॉक्सच्या दोन बाजू वाकतात, उरलेल्या दोन वाकवताना आधीच्या उभ्या बाजू आडव्या येतात. इथे हवे तेवढेच तुकडे लावायचे, कडेला मोकळी जागा ठेवायची, चारही बाजू होतात.

आमच्या गल्लीत टेम्पो शिरत नाही. पाइपांवर घरंगळत, पहारीने रेटत मशीन शेडपर्यंत आणायला पूर्ण दुपार गेली. चार अँकर बोल्ट ठोकले, बुश बदलले. पहिला बॉक्स बायकोने वाकवला. जबडा पत्र्याच्या जाडीएवढा मागे घेऊन तिने पातं उचललं आणि घडी एका दमात, बिनलाटेची आली. तो बॉक्स आम्ही विकला नाही, शेडच्या दाराशी लावलाय.

मशीनच्या पाटीवर 16 गेज लिहिलंय, ते साध्या लोखंडी पत्र्यासाठी. स्टेनलेसला जोर जास्त लागतो आणि वाकवून सोडल्यावर पत्रा मागेही जास्त येतो. म्हणून स्टेनलेस आम्ही 20 गेजपर्यंतच घेतो. त्याहून जाड असेल तर आजही रबाळ्याला पाठवतो.