‘नव्वद दिवस’ म्हणजे नेमकी कोणती तारीख?

आमची इमारत ठाण्यातल्या नौपाड्यात, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत. ४ मजले, २४ घरं, वय तिशीच्या पुढचं. २०२४ च्या पावसाळ्यानंतर स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून घेतलं, तेव्हा अहवालात सी-२ बी असा शेरा आला. म्हणजे कुणालाही घर सोडायला न लावता करायची दुरुस्ती. तळमजल्याच्या खांबांतल्या सळ्या गंजल्या होत्या, बाहेरचा गिलावा जागोजागी फुगला होता, गच्चीचा कोबा तडकला होता. सोसायटीची सेक्रेटरी मी होते. बँकेतून निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं. हिशेब मला येत होता, बांधकामातलं काही येत नव्हतं.

काही वर्षांपूर्वी याच गच्चीचं काम आम्ही एकाला दिलं होतं. मे अखेर, मे अखेर म्हणता म्हणता जुलै उजाडला. चौथ्या मजल्यावरच्या आजींनी तो पावसाळा हॉलमध्ये ३ बादल्या आणि एक पातेलं मांडून काढला. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. म्हणून या वेळी दरपत्रक वाचताना रकमेच्या आधी मुदतीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं : काम ९० दिवसांत पूर्ण होईल. सुरुवात १० फेब्रुवारी २०२५. मी बोटांवर मोजलं, १० मे आली. पावसाच्या महिनाभर आधी. मला बरं वाटलं.

माझा भाचा नवी मुंबईत एका मोठ्या साइटवर प्लॅनिंग इंजिनिअर आहे. रविवारी जेवायला आला तेव्हा त्याला कागद दाखवला. त्याने एवढंच विचारलं, “मावशी, हे ९० दिवस कसले? कॅलेंडरचे की कामाचे?”

ठेकेदाराला फोन केला. कामाचे, असं उत्तर आलं. रविवारी सुट्टी. आम्ही दोघं भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून बसलो. आठवड्याला ६ दिवस धरले तर ९० दिवसांना १५ आठवडे लागतात, म्हणजे २४ मे. त्यात १४ मार्चची धुळवड, ३१ मार्चची ईद, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती आणि १ मे, हे सगळे कामाच्या वारी आलेले. गुढीपाडवा तेवढा रविवारी. आणखी ४ दिवस पुढे, २९ मे. एकाही माणसाने एकही दिवस वाया न घालवता, निव्वळ कागदावर, १० मेचा २९ मे झाला होता. होळीला मजूर गावी जातात ते यात नव्हतंच.

त्या दुपारी मला वेळापत्रक या गोष्टीबद्दल पहिल्यांदा खरी भीती वाटली, आणि मग ते शिकायचंच असं ठरवलं.

भाच्याने पहिली सूचना दिली ती मला फार मोलाची वाटते. “तारखा आता लिहूच नकोस. आधी कामं लिही, आणि प्रत्येक कामापुढे ते कुणासाठी थांबलंय ते लिही.” जेवणाच्या टेबलावर चिठ्ठ्या पसरल्या. पहिल्या दिवशी २० कामं सुचली. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या मुकादमांना चहाला बोलावलं, आणि चिठ्ठ्या साठाच्या घरात गेल्या. ते ३० वर्षं या कामात. त्यांना क्रम तोंडपाठ होता, फक्त आजवर कुणी तो लिहून घेतला नव्हता. “ताई, सांडपाण्याचे पाइप आधी बदला, मग गिलावा. नाहीतर नवा गिलावा परत फोडायला लागेल.” “राडारोडा उचलला नाही तर विटा ठेवायला जागा कुठाय?” आमच्या गल्लीत दिवसा ट्रक शिरतच नाही, तो रात्री ११ नंतर येणार. ‘रात्रीचा ट्रक’ अशी स्वतंत्र चिठ्ठी झाली, आणि ती ५ कामांच्या आधी बसली.

हे सगळं मी आधी एक्सेलमध्ये भरलं. सवयीचं साधन होतं. पण एक काम २ दिवस पुढे ढकललं की त्याच्या मागची १५ कामं हाताने ढकलायची, त्यात हमखास एखादं राहायचं. मग भाच्याने लॅपटॉपवर गँटप्रोजेक्ट घालून दिलं. ते मोफत मिळतं. त्याच्या साइटवर प्रिमाव्हेरा वापरतात, पण २४ घरांच्या इमारतीला ते अवजड आणि महाग. गँटप्रोजेक्टमध्ये डावीकडे कामांची यादी, उजवीकडे प्रत्येक कामाचा आडवा पट्टा, आणि पट्ट्यापासून पट्ट्यापर्यंत बाण. एक पट्टा सरकवला की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे आपोआप सरकतात. अमेरिकन इंजिनिअर हेन्री गँट यांच्या नावावरून हे तक्ते ओळखले जातात; १९१० च्या दशकात त्यांनी ते रूढ केले. त्याच्याही आधी, १८९६ मध्ये, कारोल अदामिएत्स्की या पोलिश इंजिनिअरनं असाच तक्ता आखला होता. पण त्याचं लेखन बरंचसं पोलिशमध्ये राहिल्यामुळे नाव गँटचं झालं. मराठीत काम करणाऱ्या माणसाला ही गोष्ट ऐकून चुटपुट लागते.

मला खरी ओढ लागली ती क्रिटिकल पाथची. सगळ्या कामांची जी सर्वांत लांब साखळी, जिच्यातलं एक काम एक दिवस लांबलं तर शेवटची तारीख एक दिवस लांबते, तो क्रिटिकल पाथ. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ड्यूपाँट या अमेरिकन रसायन कंपनीत ही पद्धत तयार झाली, आणि कारखाना दुरुस्तीसाठी बंद ठेवायचा काळ कमी करण्यासाठीही ती वापरली गेली. मूळची दुरुस्तीच्या कामातही रुळलेली गोष्ट आपल्या दुरुस्तीला लागू पडणार, या विचाराने मला धीर आला. बटण दाबलं आणि ती साखळी वेगळ्या रंगात उमटली.

मला वाटलं होतं ती खांबांवरून जाईल. ती गेली एसीच्या आउटडोअर युनिटांवरून. भिंतीवर ३१ युनिटं टांगलेली. ती उतरल्याशिवाय परांची बांधता येत नाही, परांचीशिवाय गिलावा फोडता येत नाही, पुढे सगळंच अडतं. आणि ती उतरवण्याचं काम ठेकेदाराचं नव्हतंच, आमचं होतं, घरोघरचं. मागच्या वेळचा सगळा दोष आम्ही एका माणसाच्या माथी मारला होता. त्याच्या कामात उणिवा होत्याच, पण आपलंही काही अडून राहिलं असेल का, हे तेव्हा कुणी तपासलं नाही.

मग क्रम बदलला. सगळी इमारत एकदम परांचीत न घालता एकेक बाजू घ्यायची. मागच्या बाजूला बहुतेकांची झोपायची खोली आहे, ती सर्वांत आधी, फेब्रुवारीतली थंड हवा असेपर्यंत. म्हणजे उकाड्यात कुणी एसीवाचून राहणार नाही. एका बाजूला रंग चालू असताना दुसरीकडे गिलावा, गच्चीवर वेगळी टोळी. प्रत्येक घराला गुगल कॅलेंडरवर त्याची तारीख पाठवली, ज्येष्ठांना घरी जाऊन सांगितली. एक घर कुलूपबंद होतं, मालक परदेशी. किल्ली डोंबिवलीला नातेवाइकांकडे. ‘किल्ली आणणे’ हीसुद्धा चिठ्ठी झाली.

होळीचं कोडं मात्र क्युरिंगने, म्हणजे नवं काँक्रीट ओलं ठेवण्याच्या कामाने, सुटलं, आणि त्याचा आनंद मला आजही होतो. खांबांना जॅकेटिंग करायचं होतं, म्हणजे भोवती नव्या सळ्या आणि नवं काँक्रीट. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकानुसार मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस ओलं ठेवावं लागतं. ठेकेदाराच्या ९० दिवसांत हे १० दिवस कुठेच दिसत नव्हते, कारण त्या दिवसांत कुणी काम करत नाही. पण वेळ जातोच. मी क्युरिंगला स्वतंत्र पट्टा दिला, रविवारसकट चालणारा, आणि तो सरकवत सरकवत होळीच्या सुट्टीवर नेऊन ठेवला. खांब ११ मार्चला भरून झाले. १२ ला मजूर गावी गेले. आमच्या वॉचमनकाकांनी रोज गोणपाट भिजवलं. मधे एकदा पाणी बंदची सूचना आली, तेव्हा आदल्या रात्री ड्रम भरून ठेवले. माणसं परतली तेव्हा खांब पुढच्या कामाला तयार होते.

नव्या तक्त्यात शेवटची तारीख पुन्हा १० मे आली. या वेळी खरी. पुढे २ आठवडे, २४ मेपर्यंत, मोकळे ठेवले. प्रत्येक कामात चोरून एकेक दिवस वाढवायचा नाही, सगळी शिल्लक शेवटी एकत्र ठेवायची आणि ती किती उरली हे सर्वांना दिसू द्यायचं, असा भाच्याचा आग्रह होता. बँकेतल्या माणसाला हे लगेच पटतं.

तक्ता आखायला ३ आठवडे गेले. तो जिवंत ठेवायला त्याहून जास्त कष्ट पडले. दर शनिवारी ५ वाजता मुकादम, कमिटीतले दोघं आणि मी, परांचीखाली अर्धा तास उभे राहायचो. मी फक्त ‘झालं’ आणि ‘नाही झालं’ असे दोनच शेरे ठेवले. ‘नव्वद टक्के झालंय’ हे उत्तर ३ शनिवार ऐकल्यावर मी टक्के बंद केले. ६० पट्ट्यांचा पूर्ण तक्ता लॅपटॉपवर राहिला. लिफ्टशेजारी लावायचा तो फक्त पुढच्या २ आठवड्यांचा, मोठ्या अक्षरांत, हाताने लिहिलेला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारले जाणारे निम्मे प्रश्न त्या कागदाने थांबवले.

शिल्लक दिवस संपलेच. मजूर ३ दिवस उशिरा आले. मागचे २ खांब फोडल्यावर अंदाजापेक्षा जास्त सडलेले निघाले, तिथे ५ दिवस गेले. ६ मेच्या संध्याकाळी वादळी पाऊस झाला, परांचीची हिरवी जाळी फाटली आणि रंग थांबला. मग आम्ही तक्त्याकडे पाहून ठरवलं : दर्शनी बाजूचा शेवटचा हात राहू दे. त्याच्यावाचून पाणी आत येत नाही, आणि त्याच्यासाठी दुसरं काहीच थांबलेलं नाही. गच्चीवर पाणी साठवून घ्यायची चाचणी एप्रिलमध्येच झाली होती. २४ मेला परांची उतरली.

२६ मेला मोसमी पाऊस मुंबईत पोचला. नेहमीची तारीख ११ जून. १९५० पासूनच्या नोंदींमध्ये इतक्या लवकर तो कधीच आलेला नव्हता. दुपारी मी चौथ्या मजल्यावर गेले. आजींनी खबरदारी म्हणून बादली हॉलमध्ये आणून ठेवली होती. आम्ही दोघींनी छत पाहिलं, आणि ती बादली मी परत मोरीत नेऊन ठेवली.

राहिलेला रंग तुळशीच्या लग्नानंतर, नोव्हेंबरात लागला. ४ दिवस. तक्त्यावरचा तो शेवटचा पट्टा मी मुकादमांच्या समोर ‘झालं’ केला. आता शेजारच्या इमारतीचं ऑडिट आलंय, त्यांना ती फाइल दिली आहे. तारखा सगळ्या पुसल्या, कामं आणि बाण तसेच ठेवले, आणि सर्वांत वर एक नवी ओळ घातली : ‘मुदतीचे दिवस कसले, ते लेखी विचारणे.’