तुम्ही विचारलंत म्हणून: या तारा कशाला गुंडाळते

"मोबाइलवर बोट ठेवलं की जगातलं कुठलंही स्टेशन लागतं. मग या तारा कशाला गुंडाळत बसतेस?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय की समोरच्याने 'मोबाइल' म्हणताच पुढचं वाक्य मला पाठ असतं. बहुतेकदा मी हसून विषय बदलते. पण हल्ली हे विचारणाऱ्यांत माझी धाकटी बहीणही आहे, आणि तिच्यापुढे हसून सुटका होत नाही. दूरची रेडिओ स्टेशनं ऐकायला मी घरी तारेचा अँटेना बांधते; तो कशासाठी, ते एकदाच सगळं सांगते.

मोबाइलवर ऐकू येतं ते इंटरनेटवरून येतं. त्यात अंतर उरलेलं नसतं. दुपारी बारा वाजता आणि पहाटे चारला ते सारखंच ऐकू येतं. मीडियम वेव्हचं, म्हणजे जुन्या रेडिओच्या लहरींचं, तसं नाही. दिवसा उंच वातावरणातला विद्युतभारित 'डी' थर या लहरी गिळून टाकतो, त्यामुळे जवळपासचंच ऐकू येतं. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी आणखी वरच्या थरांपर्यंत पोचतात आणि तिथून वळून हजारो किलोमीटरवर उतरतात. दुपारी ज्या जागी नुसती सुरसुर होती, तिथे रात्री तीन-तीन स्टेशनं एकमेकांवर बसलेली असतात. ती वेगळी करायची तर हातात काहीतरी फिरवता येणारं लागतं. माझ्या हातात लाकडाची एक फुली असते. बाजू एक मीटर, त्यावर तारेचे नऊ वेढे आणि जुन्या रेडिओतून काढलेला गँग, म्हणजे स्टेशन लावायचा फिरता कपॅसिटर. हाच माझा लूप अँटेना. रेडिओला एकही तार जोडायची नाही. तो नुसता फुलीच्या मधोमध ठेवायचा आणि गँग हळूहळू फिरवायचा. आधी खरखर फुगते, मग त्या फुगलेल्या खरखरीतून एखादं स्टेशन अचानक उभं राहतं. हात मागे घेतला की ते पुन्हा खचतं, कारण तुमच्या हातानेही ट्यूनिंग सरकतं. मग हात जिथे होता तिथेच धरून, श्वास रोखून बसायचं.

"एवढीच हौस आहे तर खिडकीतून एक लांब तार का सोडत नाहीस?" हा दुसरा प्रश्न. सोडली होती. लांब तार सगळंच गोळा करते. मीडियम वेव्हवर रेडिओ कमजोर आहे म्हणून ऐकू येत नाही असं क्वचितच होतं. ऐकू येत नाही ते गोंगाटामुळे: चार्जर, एलईडी दिवे, टीव्हीचा पॉवर सप्लाय, शेजाऱ्यांचं काय काय. तारेने स्टेशन दुप्पट केलं तर गोंगाटही दुप्पट होतो, हाती काहीच लागत नाही. लूपची सगळी ताकद ती काय ऐकत नाही यात आहे. फुलीची कड स्टेशनकडे असली की ते सगळ्यात मोठं येतं, आणि तिचं तोंड त्याच्याकडे वळवलं की ते मिटतं. मोठं येण्याची दिशा ऐसपैस असते, दहा-वीस अंश इकडेतिकडे झाले तरी कळतही नाही. मिटण्याची दिशा मात्र चाकूसारखी असते. म्हणून मी स्टेशनकडे नेम धरत नाही. गोंगाटाकडे तोंड करते, तो विझवते आणि मग काय उरलंय ते ऐकते.

तयार विकत का घेत नाही, याचं उत्तर एका वाक्यात: विकतच्या लूपमध्ये काय बिघडलंय ते मला कळत नाही आणि माझ्या लूपमध्ये कळतं. लाकूड आकसलं, तार सैल झाली, दोन वेढे एकमेकांना टेकले की गँगच्या वळणावरूनच समजतं.

आता जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगते.

काही वर्षांपूर्वीची रात्र. फुली नवी होती. बहीण राहायला आली होती आणि हौसेने माझ्याबरोबर जागत होती. मी ९०० किलोहर्ट्झवर होते. ही जागा मुद्दाम निवडलेली. अमेरिका खंडात स्टेशनं १० किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली असतात, बाकी जगात ९ च्या. त्यामुळे एरवी समुद्रापलीकडचं स्टेशन आलं तर इकडच्या स्टेशनाशी घासून शिट्टी वाजते आणि सावध होता येतं. ९०० दोन्हीने भागतो. तिथे शिट्टी नाही, दोन्हीकडचे आवाज एकाच जागी. म्हणजे तिथे पलीकडचं काही सापडलं तर ते निव्वळ कानाने सापडलेलं. मला तेच हवं होतं.

तीनच्या सुमाराला खरखरीखाली एक पुरुषी आवाज आला. मग थोडं संगीत. मग पुन्हा तोच आवाज, आणि त्यात मला एका स्टेशनचं नाव ऐकू आलं. अगदी दूरचं. त्याची वाट मी दोन हिवाळे पाहत होते. मी बहिणीचा हात दाबला. "ऐकलंस?"

तिने डोळे मिटून ऐकलं. बराच वेळ ऐकलं, प्रामाणिकपणे. मग म्हणाली, "ताई, मला नुसती खरखर येतेय. कुणीतरी बोलतंय, पण नाव वगैरे काही नाही."

मी म्हटलं, "तुला कानच नाहीत."

हे मी चिडून म्हटलं, पुन्हा म्हटलं, आणि ती उठून झोपायला गेली.

त्याहून वाईट पुढे आहे. ती गेल्यावर मी फुली फिरवून पाहिली. आवाज मिटला. स्वच्छ मिटला, आणि मिटलेलाच राहिला. ज्यांनी लूप फिरवलाय त्यांना इथेच कळेल. रात्री आकाशातून उतरणारी लहर अशी मिटत नाही. ती वरून येते, वळत-पिळवटत येते, त्यामुळे मिटण्याची दिशा डळमळते, मिनिटामिनिटाला सरकते. इतकं स्थिर मिटतं ते जमिनीवरून सरळ आलेलं, म्हणजे जवळचं. शिवाय दिशाही जुळत नव्हती, चाळीसएक अंशांचा फरक होता. मी स्वतःला सांगितलं की भिंतीतल्या वायरिंगमुळे दिशा फसते. ते खोटं नाही, फसतेही कधीकधी. मी खरं कारण चुकीच्या जागी वापरलं.

वेळ, मजकूर, सिनपोचे (आवाज किती स्पष्ट आला ते सांगणारे) आकडे असा सगळा तपशील घालून त्या स्टेशनला रिपोर्ट पाठवला. क्यूएसएल कार्ड, म्हणजे 'तुम्ही आम्हालाच ऐकलंत' अशी स्टेशनची पोचपावती, येण्याआधीच ओळखीत सगळ्यांना सांगून टाकलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. फार सभ्य उत्तर होतं. माझ्या चिकाटीचं कौतुक होतं आणि शेवटी लिहिलं होतं: त्या रात्री आमचा ट्रान्समीटर देखभालीसाठी बंद होता.

१९२१ च्या डिसेंबरमध्ये पॉल गॉडली हे अमेरिकी हौशी रेडिओवाले स्कॉटलंडच्या आर्ड्रोसान किनाऱ्यावर तंबूत बसून अटलांटिकपलीकडचे हौशी रेडिओवाल्यांचे सिग्नल ऐकत होते. बाहेर बेव्हरेज अँटेना, म्हणजे जमिनीपासून थोड्याच उंचीवर ताणलेली लांबलचक तार. पण मला त्या गोष्टीत आता तारेपेक्षा दुसरंच काही दिसतं. त्यांच्यासोबत तंबूत एक साक्षीदार बसवलेला होता. ऐकू यावं अशी ओढ ज्याला आहे त्याच्या एकट्याच्या कानावर विसंबायचं नाही, हे त्यांना तेव्हाच ठाऊक होतं. माझ्याकडेही साक्षीदार होती. मी तिला झोपायला पाठवलं.

त्यानंतर मी फुली खोलून ठेवली. मग पुन्हा बांधली, यावेळी बैठकीवर अंश कोरून. आता वहीत स्टेशनच्या नावाआधी आकडा लिहिते: कुठल्या अंशावर मिटलं, किती मिटलं, स्थिर होतं की सरकत होतं. नावाचा रकाना शेवटी, आणि तो बऱ्याचदा रिकामा राहतो. दहा वर्षांपूर्वी मला विचारलं असतंत तर मी म्हटलं असतं, लांबचं ऐकायला अँटेना बांधते. आज म्हणावंसं वाटतं की स्वतःच्या कानाला उलटतपासायला बांधते. पण हेही पूर्ण खरं नाही. रात्री गँग फिरवताना छाती धडधडते ती उलटतपासणीसाठी नाही. ती जुनी मी अजून तशीच आहे, तिला नाव हवं असतं.

"स्टेशनंच बंद होताहेत, मग?" हेही विचारता. होताहेत. २०१५ संपता संपता फ्रान्सच्या सरकारी रेडिओने मीडियम वेव्ह सोडली, लक्झेंबर्गचं १४४० किलोहर्ट्झवरचं स्टेशन गेलं. मला वाईट वाटतं. पण एखादा दांडगा आवाज उठून गेला की त्याच्याखाली वर्षानुवर्षं दबलेलं बारीक काहीतरी वर येतं. ते ऐकायला उलट आणखी चांगला लूप लागतो. यावर वाद घालायची माझी तयारी आहे.

बहिणीची माफी मागितली. ती म्हणाली, "अगं, मी तर विसरूनही गेले होते." पण त्यानंतर ती कधी रात्री माझ्याजवळ बसली नाही, आणि मोबाइलचा प्रश्न विचारते तेव्हा तिला खरंच उत्तर हवं असतं की दुसरं काही, ते मला ठरवता येत नाही.

त्या रात्रीचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. चार मिनिटं अकरा सेकंद. ट्रान्समीटर बंद होता हे मला माहीत आहे, दिशा चुकीची होती हे माहीत आहे. तरी हेडफोन लावून ऐकलं की तिसऱ्या मिनिटाला ते नाव मला अजूनही ऐकू येतं.